एसआयव्ही : आफ्रिकी माकडांचे जुने विषाणू

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, आफ्रिकेतल्या जंगलांत आणि गवताळ माळांवर, माकडांच्या व कपींच्या चाळीसहून अधिक जातींमध्ये एसआयव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणूंचा नैसर्गिक वावर आहे. माणसातला एचआयव्ही याच कुळातून निघाला. जवळपास प्रत्येक जातीचा विषाणू वेगळा; एकीचा विषाणू दुसरीच्या विषाणूहून इतका निराळा असू शकतो, की दोघांची प्रथिने निम्मीच जुळावीत. आशियात मात्र चित्र उलटे आहे. महाराष्ट्रातली लाल तोंडाची माकडे, काळ्या तोंडाची वानरे, उत्तर भारतातले ऱ्हीसस मकाक यांच्या जंगलातल्या कळपांत एसआयव्ही आढळलेला नाही. हा भौगोलिक फरक पुढे फार महागात पडला, कारण या विषाणूची ओळख जगाला झाली तीच आशियाई माकडांच्या मृत्यूंमधून.

एसआयव्ही हा रेट्रोव्हायरस आहे. त्याचा जनुकसंच आरएनएचा, सुमारे दहा हजार अक्षरांचा. पेशीत शिरल्यावर तो या आरएनएची डीएनए प्रत तयार करतो आणि ती पेशीच्या स्वतःच्या डीएनएत घुसवतो. ही प्रत काढणाऱ्या विकराला चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय नाही. त्यामुळे प्रत्येक फेरीत अक्षरे बदलत जातात, आणि संसर्ग झालेल्या एका प्राण्यात दररोज अब्जावधी नवे कण तयार होत असल्याने बदलांचा साठाही प्रचंड असतो. वैविध्याचा दुसरा मार्ग याहून मोठा आहे. प्रत्येक कणात आरएनएचे दोन धागे असतात. एकाच पेशीत दोन निरनिराळे विषाणू शिरले, तर नव्या कणात एकाचा एक आणि दुसऱ्याचा एक धागा बांधला जाऊ शकतो. पुढच्या पेशीत प्रत काढताना विकर एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा असा संकर जन्माला येतो. साध्या उत्परिवर्तनाने जे बदल घडायला हजारो वर्षे लागतील, ते या पुनर्संयोजनाने एका संसर्गात होऊन जातात.

१९६०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या माकड-संशोधन केंद्रांत मकाक विचित्र रीतीने आजारी पडू लागले होते. लसिका ग्रंथींचे कर्करोग आणि एरवी निरुपद्रवी असलेल्या जंतूंचे जीवघेणे संसर्ग यांची लाटच काही कळपांत येऊन गेली. त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. माणसात एड्स दिसू लागल्यावर जुन्या नोंदींकडे नव्याने पाहिले गेले, आणि १९८५मध्ये न्यू इंग्लंडमधल्या केंद्रातील आजारी ऱ्हीसस मकाकांच्या रक्तातून एचआयव्हीसारखा विषाणू वेगळा काढण्यात आला. या केंद्रांत असलेल्या ऱ्हीसस मकाकांपैकी बहुतेकांचे मूळ भारतात होते. दरवर्षी हजारोंच्या संख्येने ती माकडे भारतातून परदेशी प्रयोगशाळांत जात. १९७८मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. पण मकाकांनी हा विषाणू भारतातून नेलेला नव्हता. तो त्यांना पिंजऱ्यात मिळाला, शेजारच्या आफ्रिकी माकडांकडून.

हे कसे घडू शकते याचे एक उदाहरण लुइझियानातल्या केंद्रातले आहे. तिथे एका सूटी मँगबी माकडाला कुष्ठरोग झाला होता, आणि माकडात नैसर्गिकपणे कुष्ठरोग आढळणे ही तेव्हा संशोधकांच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती. कुष्ठरोगाचा अभ्यास करण्यासाठी मँगबीच्या बाधित ऊतीचा अंश ऱ्हीसस मकाकांना टोचला गेला. त्या मकाकांपैकी काहींची प्रतिकारशक्ती खचली आणि ते एड्ससारख्या आजाराने मेले. कुष्ठजंतूंच्या सोबतीने मँगबीचा विषाणूही त्यांच्या शरीरात गेला होता. त्याच सुमारास अमेरिकेतल्या केंद्रांत कितीतरी सूटी मँगबी तोच विषाणू रक्तात बाळगून ठणठणीत जगत होत्या. एकाच विषाणूने एका जातीला हात लावू नये आणि दुसरीला वर्षा-दोन वर्षांत संपवावे, हे कोडे तिथून उभे राहिले. पुढच्या चार दशकांतले या क्षेत्रातले बहुतेक काम याच कोड्याभोवती फिरत राहिले आहे.

रानातल्या माकडांत विषाणू शोधायचा तर रक्त हवे, आणि रक्तासाठी माकड पकडावे लागते. कॅमेरूनमध्ये संशोधकांनी शिकार करून बाजारात आलेल्या आणि घरी पाळलेल्या माकडांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ७८८ माकडांची तपासणी झाली आणि १६ पैकी १३ जातींत एसआयव्हीशी जुळणारी प्रतिपिंडे सापडली. चिंपँझी आणि गोरिला यांच्याबाबत ही वाट बंद होती. ते दुर्मीळ, संरक्षित आणि माणसापासून दूर राहणारे. तेव्हा विष्ठेचा आधार घेतला गेला. झाडावरच्या घरट्याखाली सकाळी पडलेली ताजी विष्ठा आरएनए टिकवून ठेवणाऱ्या द्रावणाच्या नळीत भरायची, प्रयोगशाळेत आधी प्रतिपिंडे तपासायची, मग विषाणूच्या आरएनएचे तुकडे वाढवून वाचायचे. त्याच नमुन्यातल्या यजमानाच्या डीएनएवरून जात, उपजात, लिंग, इतकेच काय तो विशिष्ट प्राणीही ओळखता येतो. एकाही प्राण्याला सुई न टोचता अख्ख्या खोऱ्यातल्या कळपांचा नकाशा तयार करता येऊ लागला, आणि ही पद्धत बसवण्यात विषाणुशास्त्रज्ञ बिॲट्रिस हान यांच्या गटाचा वाटा मोठा आहे.

या नकाशावर पहिल्यांदा दिसते ती भूगोलाची छाप. गॅबनमधले मँड्रिल माकड घ्या. ओगोवे नदीच्या दक्षिणेकडच्या मँड्रिलांत एक विषाणू आहे, उत्तरेकडच्यांत दुसराच. दक्षिणेकडच्या विषाणूचे नाते ल'होस्ट आणि सूर्यपुच्छ या गेनॉन माकडांच्या विषाणूंशी आहे. उत्तरेकडचा विषाणू संकर आहे. त्याचा एक मोठा भाग लाल टोपीच्या मँगबीच्या विषाणूशी जुळतो. नदी मँड्रिलांना ओलांडता येत नाही, त्यामुळे एकाच जातीच्या दोन तुकड्यांनी दोन वेगळ्या शेजाऱ्यांकडून दोन वेगळे विषाणू घेतले.

हिरव्या माकडांची गोष्ट याहून व्यापक आहे. आफ्रिकेतल्या गवताळ माळांवर पसरलेल्या या गटात पश्चिमेचे सबेयस, मध्य भागातले टँटॅलस, इथिओपियाकडचे ग्रिव्हेट आणि पूर्व व दक्षिण आफ्रिकेतले व्हर्व्हेट असे प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा विषाणू आपापल्या शाखेचा आहे. हे पाहून सुरुवातीला असा तर्क केला गेला, की मूळ पूर्वज माकडातच विषाणू होता आणि यजमानाच्या शाखा फुटल्या तशा विषाणूच्याही फुटल्या. पुढे माकडांच्या मायटोकाँड्रियातल्या डीएनएची वंशावळ मांडल्यावर ती विषाणूच्या वंशावळीशी नीट बसेना. शिवाय सबेयस माकडांच्या विषाणूच्या काही भागात लाल टोपीच्या मँगबीच्या विषाणूशी नाते सांगणारा तुकडा सापडला. सोबतीने उत्क्रांत होणे आणि शेजाऱ्याकडून उचलणे या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. त्यात एकीलाच सगळे श्रेय देण्याचा मोह बराच काळ संशोधकांनाही आवरला नव्हता.

मिशीवाली गेनॉन, मोना आणि मोठ्या ठिपक्याच्या नाकाची गेनॉन या माकडांची तर मिश्र टोळकीच जंगलात एकत्र हिंडतात. एकाच झाडावर निरनिराळ्या जाती चरतात, एकमेकींच्या धोक्याच्या हाका ओळखतात, कधी त्यांचे संकरही होतात. त्यांचे विषाणू एकमेकांचे जवळचे नातलग आहेत, आणि एकट्या मिशीवाल्या गेनॉनमध्येच तीन वेगळ्या शाखा आढळल्या आहेत. उलट ग्वेरेझा कोलोबस या शेंड्यावरच्या पानांवर जगणाऱ्या माकडाचा विषाणू बाकी सगळ्यांपासून इतका दूर आहे, की त्याचे जवळचे नातलग सापडायला कठीण जाते.

विषाणूंचे हे कूळ किती जुने, हा प्रश्न बराच काळ चिघळत राहिला. आज उत्परिवर्तने ज्या वेगाने साचताना दिसतात, त्याच वेगाने मागे हिशोब केला तर वय काही शतके ते काही हजार वर्षे एवढेच निघे. ते खरे मानले, तर माकडांनी या विषाणूशी जमवून घेतले ते थोडक्या काळात, असे मानावे लागले असते. या वादाचा निकाल गिनीच्या आखातातल्या बिओको बेटाने दिला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली आणि कॅमेरूनच्या किनाऱ्याला जोडलेली ही भूमी बेट झाली. बेटावरच्या माकडांचा मुख्य भूमीवरच्या माकडांशी संबंध तुटला. मायकेल वोरोबी आणि सहकाऱ्यांनी बेटावरच्या माकडांचे विषाणू वाचले, तेव्हा ड्रिल माकडासह चार जातींत चार वेगळे एसआयव्ही सापडले, आणि प्रत्येकाचा जवळचा नातलग मुख्य भूमीवरच्या त्याच किंवा जवळच्या जातीत होता. म्हणजे समुद्र मध्ये येण्यापूर्वीच हे विषाणू त्या माकडांत होते. या ठाम तारखेला बांधून हिशोब पुन्हा केल्यावर, २०१०मध्ये, कुळाचे वय किमान ३२ हजार वर्षे निघाले आणि प्रत्यक्षात ते याहून बरेच जास्त असण्याची शक्यता पुढे आली. अल्प काळात वेगाने बदलणारा विषाणू दीर्घ काळाच्या मोजपट्टीवर संथ दिसतो, कारण त्याची तीच ती अक्षरे पुन्हा पुन्हा बदलत मागे-पुढे जात राहतात.

चिंपँझीचा विषाणू हे पुनर्संयोजनाचे ठळक उदाहरण आहे. २००३मध्ये एलिझाबेथ बेल्स, पॉल शार्प, हान आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की त्याच्या जनुकसंचाचा पुढचा भाग लाल टोपीच्या मँगबीच्या विषाणूकडून आला आहे, तर वरच्या आवरणाचे प्रथिन बनवणारा भाग मोठ्या ठिपक्याच्या नाकाची गेनॉन, मोना आणि मिशीवाली गेनॉन यांच्या विषाणूंच्या शाखेकडून. चिंपँझी लहान माकडांची शिकार करून कच्चे मांस खातात. दोन्ही विषाणू त्याच वाटेने आले असणार. चिंपँझीच्या चार उपजातींपैकी फक्त मध्य आणि पूर्व आफ्रिकेतल्या दोन उपजातींत हा विषाणू आहे. पश्चिमेकडच्या आणि नायजेरिया-कॅमेरून सीमेवरच्या उपजातींत तो नाही, तसाच तो बोनोबोतही नाही. तेव्हा उपजाती वेगळ्या झाल्यावरच तो शिरला.

शिकार म्हणजे संसर्ग, असे समीकरण मात्र मांडता येत नाही. आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात पश्चिमी चिंपँझी लाल कोलोबस माकडांची सर्रास शिकार करतात, आणि त्या कोलोबसांत एसआयव्ही मोठ्या प्रमाणावर आहे. त्या चिंपँझींमध्ये कोलोबसकडून आलेले दुसरे रेट्रोव्हायरस सापडले; कोलोबसचा एसआयव्ही मात्र सापडला नाही. पिढ्यान्‌पिढ्या रक्ताशी संबंध येऊनही तो रुजला नाही. त्याला रोखणारी काही भिंत चिंपँझीच्या पेशीत असली पाहिजे.

अशा भिंती खरोखरच आहेत, आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्यांतल्या काही सापडल्याने या विषयाचे रूपच पालटले. सस्तन प्राण्यांच्या पेशींत विषाणूला अडवणारी खास प्रथिने असतात. अपोबेक३जी हे २००२मध्ये ओळखले गेलेले प्रथिन विषाणूच्या डीएनए प्रतीतली अक्षरे बदलून ती निकामी करते. विषाणूचे विफ नावाचे छोटे प्रथिन अपोबेकला पकडून पेशीच्या कचराकुंडीकडे पाठवते. पण हे पकडणे जातीजातीत बदलते. हिरव्या माकडाच्या विषाणूचे विफ हिरव्या माकडाच्या अपोबेकला पकडते, माणसाच्या अपोबेकला पकडू शकत नाही. एचआयव्हीच्या विफचे नेमके याच्या उलट. आणि हा सगळा फरक अपोबेकच्या साखळीतल्या १२८व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लामुळे पडतो. हिरव्या माकडांच्या निरनिराळ्या प्रकारांत याच परिसरात बदल आढळतात, आणि त्या त्या भागातल्या विषाणूचे विफ त्यांच्याशी जुळवून घेतलेले असते. विषाणू आणि यजमान यांची ही झटापट आजही चालू आहे, याचा यापेक्षा थेट पुरावा क्वचितच मिळेल. ट्रिम५अल्फा हे २००४मध्ये सापडलेले दुसरे प्रथिन विषाणूच्या आतल्या कवचाला अडवते. ऱ्हीसस मकाकात एचआयव्हीच्या दोन प्रकारांपैकी पहिला, एचआयव्ही-१, वाढत नाही त्याचे एक मोठे कारण तेच. मँगबीचा विषाणू मकाकात स्थिरावला तेव्हा त्यालाही या प्रथिनापासून निसटण्यासाठी कवच बदलावे लागले.

सगळ्यांत शिकवून जाणारी कथा टेदरिनची आहे. पेशीतून नवे विषाणू बाहेर पडू लागले, की टेदरिन त्यांना धरून ठेवते. दाव्याला बांधलेल्या जनावरांसारखे ते पेशीच्या पृष्ठभागाला अडकून राहतात. बहुतेक एसआयव्ही नेफ नावाच्या प्रथिनाने टेदरिन बाजूला सारतात. मिशीवाली, मोना आणि मोठ्या ठिपक्याच्या नाकाची गेनॉन यांच्या शाखेत मात्र हे काम व्हीपीयू नावाच्या वेगळ्या प्रथिनाकडे आहे. चिंपँझीच्या संकर विषाणूला व्हीपीयू या शाखेकडूनच मिळाले, पण चिंपँझीच्या टेदरिनवर ते चालेना. तेव्हा त्याने नेफचाच वापर करायला सुरुवात केली. विषाणू माणसात आला तेव्हा पुन्हा अडचण उभी राहिली. माणसाच्या टेदरिनमध्ये नेफ ज्या जागी पकडते, तिथली पाच अमिनो आम्ले गळालेली आहेत. नेफला हात घालायला जागाच नाही. एचआयव्ही-१च्या चार गटांपैकी जगभर पसरलेल्या एम गटाने व्हीपीयूचे जुने सामर्थ्य माणसाच्या टेदरिनविरुद्ध पुन्हा मिळवले. एन गटाला ते जेमतेम जमले. पी गटाला जमले नाही, आणि तो मोजक्याच रुग्णांत सापडला आहे. एचआयव्ही-२ने तिसरी वाट धरली. तिथे आवरणाच्या प्रथिनानेच हे काम अंगावर घेतले. जगभर पसरणारा रोग आणि एखाद्या खेड्यात थांबून राहिलेला संसर्ग यांच्यातल्या अंतराला इतर कारणेही आहेत, पण हे एक कारण डोळ्यांसमोर धरून पाहता येण्याइतके स्पष्ट आहे.

एकाच अक्षराएवढ्या बदलाचेही उदाहरण आहे. गॅग प्रथिनातल्या ३०व्या जागी मध्य आफ्रिकेतल्या चिंपँझींच्या विषाणूत मेथिओनीन असते, तर माणसातल्या एम गटात आर्जिनिन. प्रयोगासाठी एचआयव्ही चिंपँझीला टोचला गेला, तेव्हा त्या जागी पुन्हा मेथिओनीन आले.

विषाणूने यजमानाशी जुळवून घेणे ही अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी, यजमानाने विषाणूशी जुळवून घेण्याची, अधिक विलक्षण आहे. सूटी मँगबीच्या आणि हिरव्या माकडांच्या रक्तात विषाणूचे प्रमाण कमी नसते. दर मिलिलिटरला लाखाच्या घरात प्रती असतात; माणसात एवढ्या आढळल्या तर डॉक्टर चिंतेत पडतील. विषाणू पेशी मारतही असतो. तरीही ही माकडे बहुधा आयुष्यभर निरोगी राहतात, पिल्ले देतात, म्हातारी होतात. याचा अर्थ प्रतिकारयंत्रणेने विषाणूला हरवलेले नसते. तिने त्याच्याशी अखंड लढणे थांबवलेले असते.

संसर्गाच्या पहिल्या काही दिवसांत मँगबी आणि मकाक यांची प्रतिक्रिया सारखीच तीव्र असते. इंटरफेरॉनची जनुके चालू होतात, दाह वाढतो. फरक पुढे पडतो. काही आठवड्यांत मँगबी आणि हिरवी माकडे ही आग विझवतात; मकाकात आणि माणसात ती वर्षानुवर्षे धुमसत राहते. सतत चेतवलेल्या पेशी लवकर मरतात, त्यांच्या जागी नव्या पेशी येतात आणि विषाणूला ताजे खाद्य मिळत राहते. शेवटी यंत्रणा थकते. आतड्यातही हाच भेद दिसतो. माणसात आणि मकाकात आतड्याच्या अस्तराची राखण करणाऱ्या पेशी कमी होतात, अस्तर झिरपू लागते, जंतूंचे घटक रक्तात उतरतात आणि दाह आणखी वाढतो. मँगबीच्या आतड्यातल्या सीडी४ पेशीही, म्हणजे विषाणू ज्यांत शिरतो त्या प्रतिकारपेशीही, सुरुवातीला घटतात. पण अस्तर जपणाऱ्या खास पेशी टिकतात आणि जंतूंचे घटक रक्तात झिरपत नाहीत. एड्समध्ये विषाणूच्या संख्येपेक्षा न थांबणाऱ्या दाहाचा वाटा अधिक आहे, हे वैद्यकाला शिकवण्यात या माकडांचा मोठा हात आहे.

निरनिराळ्या जातींनी हा समतोल निरनिराळ्या मार्गांनी साधला आहे. विषाणूला पेशीत शिरायला सीडी४ आणि सीसीआर५ अशा दोन प्रथिनांची गरज लागते. सूटी मँगबीच्या दीर्घायुषी स्मृतिपेशींवर सीसीआर५ फारच थोडे असते. मोलाच्या पेशी त्यामुळे वाचतात आणि विषाणू अल्पजीवी पेशींवर भागवतो. हिरव्या माकडांत सीडी४ पेशी अनुभवी झाल्या, की सीडी४ प्रथिनच पृष्ठभागावरून काढून टाकतात. काम त्या पूर्वीसारखेच करतात, पण विषाणूला दारच सापडत नाही. लाल टोपीच्या मँगबींपैकी बहुसंख्यांत सीसीआर५च्या जनुकातला २४ अक्षरांचा तुकडाच गळालेला आहे आणि ते प्रथिन पेशीवर येतच नाही. तिथे विषाणूने सीसीआर२ या दुसऱ्या प्रथिनाचा आधार घेतला. यजमानाने एक दार बंद केले आणि विषाणूने दुसरे शोधले, तेही कोणाचा जीव न घेता.

पिल्लांच्या बाबतीतही असेच घडते. बाधित मातांच्या पोटी जन्मलेली आणि त्यांचे दूध प्यालेली पिल्ले या जातींत क्वचितच बाधित होतात. त्यांच्या पेशींवर विषाणूला लागणारी प्रथिनेच अत्यल्प असतात. संसर्ग होतो तो बहुधा वयात आल्यावर, समागमातून आणि मारामारीतल्या चाव्यांतून. एका खंडापलीकडे याचा पडताळा मिळतो. गुलामांच्या व्यापाराच्या काळात पश्चिम आफ्रिकेतून हिरवी माकडे सेंट किट्स, नेव्हिस आणि बार्बाडोस या कॅरिबियन बेटांवर गेली आणि तिथे त्यांची संख्या भरमसाट वाढली. आज ती सगळी एसआयव्हीमुक्त आहेत. मूळची माकडे थोडी आणि कोवळ्या वयाची होती, म्हणून विषाणू मागेच राहिला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. २०१७मध्ये आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या १६३ हिरव्या माकडांचे जनुकसंच वाचले गेले. नैसर्गिक निवडीच्या ठळक खुणा विषाणूंशी संबंधित जनुकांत सापडल्या, विशेषतः एसआयव्हीच्या संसर्गानंतर हिरव्या माकडात ज्यांचे काम बदलते आणि मकाकात बदलत नाही, अशा जनुकांत. आजची शांतता पूर्वीच्या असंख्य मृत्यूंनी विकत घेतलेली आहे, याची ही नोंद मानता येईल.

समेट सगळीकडे झालेला नाही. टांझानियातल्या गोंबे राष्ट्रीय उद्यानात जेन गुडाल यांनी १९६०मध्ये चिंपँझींचे निरीक्षण सुरू केले. तिथे प्रत्येक प्राणी ओळखीचा असल्याने विष्ठेच्या नमुन्यांवरून कोण बाधित आणि त्याचे पुढे काय झाले, हे वर्षानुवर्षे नोंदवता आले. २००९मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. बाधित चिंपँझींचा मृत्यूचा धोका त्याच वयाच्या निरोगी चिंपँझींच्या दहा ते सोळा पट होता. बाधित माद्यांना पिल्ले कमी होत आणि झालेली कमी जगत. मृत चिंपँझींच्या ऊतींत एड्ससारखे बदलही दिसले. चिंपँझी हा या विषाणूचा तुलनेने नवा यजमान आहे आणि त्याची किंमत तो आजही मोजतो आहे. आधीच घटत चाललेल्या या जातीसाठी हा भार हलका नाही. जुन्या यजमानांतही सुरक्षितता पूर्ण नसते. बंदिवासात दीर्घकाळ जगलेल्या एका सूटी मँगबीला संसर्गानंतर अठरा वर्षांनी एड्स झाल्याची नोंद आहे.

माणसात हे विषाणू अनेकदा शिरले. एम आणि एन गट चिंपँझीकडून, ओ आणि पी गोरिलाकडून, आणि गोरिलाला तो चिंपँझीकडून. एम गटाचे मूळ कॅमेरूनच्या आग्नेय टोकाच्या चिंपँझींत आहे, हे २००६मध्ये विष्ठेच्या नमुन्यांवरून निश्चित झाले. तो माणसात पसरू लागला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास. एचआयव्ही-२ हा सूटी मँगबीकडून आला, हे १९८९मध्ये दाखवले गेले. ताई जंगलातल्या निम्म्याहून अधिक मँगबी बाधित आहेत आणि त्यांच्या विषाणूच्या अनेक शाखा आहेत. त्यामुळे एचआयव्ही-२चे नऊ गट म्हणजे माकडाकडून माणसाकडे झालेली किमान नऊ स्वतंत्र संक्रमणे आहेत. त्यांतले ए आणि बी हे दोनच गट माणसात पसरले. बाकीचे बहुतेक एखाददुसऱ्या व्यक्तीतच सापडले आणि तिथेच थांबले.

या ए गटाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. मुंबईतल्या रुग्णांत एचआयव्ही-२ आढळल्याची नोंद १९९१मध्ये झाली, आणि पुढे गोव्यासह पश्चिम व दक्षिण भारतात तो सापडत गेला. पश्चिम आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहती आणि गोवा यांच्यातली जुनी ये-जा ही त्याची वाट असावी, असे मानले जाते. एचआयव्ही-२च्या बहुतेक रुग्णांत विषाणूचे प्रमाण कमी असते आणि आजार सावकाश वाढतो; काहींना तो दीर्घकाळ जाणवतही नाही. यात मँगबीच्या विषाणूचा वारसा दिसतो. बहुतेक एसआयव्हींचे नेफ बाधित पेशीवरचे चेतना स्वीकारणारे प्रथिन काढून घेते आणि तिला शांत ठेवते. व्हीपीयू असलेल्या शाखेत, म्हणून चिंपँझीच्या विषाणूत आणि एचआयव्ही-१मध्ये, नेफने ही सवय सोडली. एचआयव्ही-२ने ती टिकवली आहे. वारशाची दुसरी बाजू उपचारात आडवी येते. नेव्हिरॅपिन आणि एफाविरेंझ ही औषधे एचआयव्ही-१च्या प्रत काढणाऱ्या विकरातल्या एका खोबणीत बसून त्याला थांबवतात. मँगबीकडून आलेल्या विकरात त्या खोबणीचा आकार निराळा असल्याने एचआयव्ही-२वर ती मुळातच चालत नाहीत. म्हणून रुग्णाचा संसर्ग पहिल्या प्रकाराचा आहे, दुसऱ्या प्रकाराचा आहे की दोन्हींचा, हे उपचारापूर्वी तपासावे लागते, आणि दुसरा प्रकार आढळला तर औषधांची जोडी त्याप्रमाणे निवडावी लागते.